बाही, अस्तर आणि दहा मार्क

इंग्रजीच्या पेपरात मी दोनदा आपटले होते आणि दोन्ही वेळा एकाच प्रश्नावर: फ्रेज कोणती, क्लॉज कोणता. दहा मार्क! तिसऱ्यांदा आपटले असते तर प्रशिक्षण केंद्रातली शिवणशिक्षिकेची जागा हातची गेली असती. तीस वर्षं मी मशीन चालवतेय, पण त्या जागेला शाळेची शेवटची परीक्षा पास झाल्याचा दाखला लागतो.

माझी मुलगी शाळेत इंग्रजी शिकवते. तिला जन्म मी दिला, पण मला शिकवायला बसली की ती माझी सासू होते. कर्ता कुठंय, क्रियापद कुठंय, हे तिचं पालुपद. व्याख्या मला तोंडपाठ होत्या, पण वाक्य समोर आलं की बोबडी वळायची. शेवटी तिने चाळीस चिठ्ठ्यांवर इंग्रजी वाक्यांचे तुकडे लिहून दिले आणि सोमवारच्या परीक्षेआधी दोन गठ्ठे वेगळे कर म्हणून बजावलं. चिठ्ठ्या मी कापायच्या टेबलावर ठेवल्या आणि तिथेच माशी शिंकली.

आमच्या दुकानात तयार कपड्याला तो कसा धुवायचा याची इंग्रजी चिठ्ठी टाचतात. काजं-बटणं करणाऱ्या माझ्या धाकट्या जावेला इंग्रजीचं अक्षर ओळखता येत नाही. छापील चिठ्ठ्या संपल्या म्हणून पुतणीने हाताने लिहून दिल्या असतील, असं तिला वाटलं. शनिवारी सकाळी तिने इमानेइतबारे एकेका कपड्याला एकेक चिठ्ठी टाचली आणि दुपारपर्यंत गिऱ्हाइकं कपडे घेऊन गेलीसुद्धा. कळल्यावर मी तिला फाडफाड बोलले. ती खाली मान घालून बटणं लावत राहिली.

थोड्याच वेळात औषधाच्या दुकानाचे मालक परत आले. त्यांच्या पँटवर ‘आफ्टर द लाँग मीटिंग’ लिहिलं होतं. ती मीटिंगनंतरच धुवायची का, असं त्यांनी गंभीरपणे विचारलं.

मी तापलेलीच होते. “नुसती बाही आहे ही,” मी म्हणाले. “कोण आलं, काय केलं, काही पत्ता नाही.”

बोलले आणि थबकले. कर्ता नाही, क्रियापद नाही. हीच की ती फ्रेज!

मग नर्सबाई आल्या. त्यांच्या कोटावर ‘बिकॉज द डोअर वॉज ओपन’ होतं आणि दार उघडं राहिल्यामुळे पुढे काय झालं, या विचाराने त्या बेचैन होत्या.

“हे अस्तर,” मी म्हणाले. “खांदे, बाह्या सगळं जिथल्या तिथे. पण नुसतं अस्तर घालून कोणी घराबाहेर पडतं का? क्लॉज आहे, पण एकट्याने जायचा नाही.”

बसड्रायव्हरच्या चिठ्ठीवर ‘शी लाफ्ड’ एवढंच होतं. दोनच शब्द, पण बटणांसकट पूर्ण सदरा.

पाचव्या गिऱ्हाइकाला जावेने मान वर केली. सातव्यापासून तीच विचारायला लागली, बाही, अस्तर की सदरा? लोक हसायचे, पैज लावायचे, एरवी शिक्षा झाल्यासारखे गप्प असणारे एक वकीलसुद्धा माझ्याशी वाद घालून हरले. संध्याकाळपर्यंत एकतीस चिठ्ठ्या परतल्या आणि माझी एकही चुकली नाही.

मुलगी दारात उभी होती, कधीपासून कोण जाणे. आता माझी खरडपट्टी निघणार असं वाटलं. तिने एवढंच म्हटलं, “आई, मला एक बाही आणि एक अस्तर दे. वर्गात न्यायचंय. माझी अर्धी मुलं इथेच अडकलीत.” माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

महिन्याने मशीनवर असतानाच तिचा फोन आला. पास. त्या प्रश्नाला किती, मी विचारलं. दहापैकी दहा.

“आणि ऐक,” ती म्हणाली, “हे बाही-अस्तर तुम्हाला कोणी शिकवलं म्हणून मुलं विचारत होती. मी सांगितलं, एक शिवणशिक्षिका आहेत.”

जन्मभर सगळे मला टेलरबाई म्हणत आले. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी तीन बटणं मी उलट्या बाजूला लावली, आणि जावेने ती हसत हसत उसवली.