नावापुढे टाउनशिप

आमच्या टीव्ही केंद्रावर एक नियम आहे. बर्फामुळे शाळा बंद असो, चर्चमधलं जेवण रद्द झालेलं असो की कुणाची गाय हरवलेली असो, माणसाचं नाव वाचलं की त्याच्यापुढे टाउनशिप, म्हणजे काउंटीतला त्याचा छोटा विभाग, वाचायचीच. नुसतं 'कार्ल बेंडर' चालत नाही. 'कार्ल बेंडर, लोन ट्री टाउनशिप' असं म्हणावं लागतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी हे विसरले आणि आमचा व्यवस्थापक डुएन जाहिराती चालू असताना स्टुडिओत येऊन मला झापून गेला.

"पण असं का?" मी विचारलं.

"कारण असंच करतात."

"कधीपासून?"

"मारित, तू हवामान सांग. इतिहास सांगायला तुला ठेवलेलं नाही."

दोन वर्षांनी त्यानंच मला इतिहास सांगायला बसवलं. चॅनल आठला साठ वर्षं होत होती आणि त्याच शरदात आमचं काम संपणार होतं. आम्ही न्यूयॉर्कच्या नेटवर्कचे कार्यक्रम दाखवतो आणि मधल्या वेळात आमच्या बातम्या, हवामान, गव्हाचे भाव देतो. ज्या कंपनीनं आम्हाला विकत घेतलं होतं, तिनं ठरवलं की हा मधला वेळ यापुढे दुसऱ्या राज्यातल्या, टेक्सासमधल्या एका मोठ्या स्टुडिओतून भरायचा, आमच्यासारख्या बऱ्याच गावांसाठी एकदमच. टॉवर राहणार होता, माणसं जाणार होती. निरोपाचा म्हणून एक तासाचा थेट कार्यक्रम आम्हाला मिळाला.

"तू शास्त्र शिकलीस," डुएन म्हणाला, "निदान तारखा तरी चुकवणार नाहीस. आणि हे बघ, आनंदाचा तास हवा. लोकांनी रडावं, पण गोड."

आमच्या इतिहासात गोड रडण्याची जागा एकच होती, अडुसष्टच्या मार्चमधलं वादळ. ते तीन दिवस चाललं होतं. निम्म्या तारा तुटल्या होत्या, शेजाऱ्याचा फोन शेजाऱ्याला लागत नव्हता, पण केंद्राला लागत होता. वाटेत अडकलेले लोक मिळेल त्या घरात शिरत आणि तिथून आम्हाला फोन करत. केंद्रानं नेटवर्कचे कार्यक्रम बंद केले आणि लेलंड ऑप्सॉल नावाचा तरुण निवेदक नावं वाचत बसला: अमुक माणूस अमक्याच्या घरी सुखरूप. घरोघरच्या बायका पडद्यासमोर बसून होत्या. न्यूयॉर्कहून कुणीतरी फोनवर शिव्या घातल्या. वर्षभरानं त्याच नेटवर्कनं आम्हाला मानपत्र दिलं. ते आजही आमच्या दाराशी भिंतीवर लटकतंय.

त्या दिवसांचं चित्रण मात्र उरलेलं नाही. तेव्हा फीत महाग होती, एकीवरच पुन्हा पुन्हा चित्रण करत. आमच्या जुन्या तंत्रज्ञबाई ट्वायला म्हणाल्या, "वादळावर पोल्का चढला गं. शनिवारच्या नाचाचा कार्यक्रम त्याच फितीवर घेतला." म्हणून आम्ही पडद्यावरून लोकांना आवाहन केलं: तुमच्या आठवणी घेऊन या.

बरेच जण आले. अर्लिस रॉट आली ती रुबार्बचा कूखन, आमच्याकडचा जर्मन केक, घेऊन. पन्नाशीची, शाळेच्या बसची चालक, आवाज बस थांबवण्याइतका खणखणीत. बशी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "हा तुझ्यासाठी आहे, केंद्रासाठी नाही. केंद्रानं माझ्या आईचं नाव घालवलं."

बीव्हर टाउनशिपमध्ये त्यांचं शेत होतं. वादळाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिचे वडील एमिल रॉट गुरांकडे गेले. आमच्याकडे माणूस बर्फात बाहेर असला की घरची बाई अंगणातली घंटा वाजवत राहते. दिसत काही नाही, पण आवाजाच्या अंदाजानं तो घरी येतो. तिची आई ओटिली घंटा वाजवत होती. दुपारी ती थांबली. एमिल सापडले ते बर्फ उतरल्यावर, गोठ्याच्या कुंपणाशी, म्हणजे घंटा सहज ऐकू येईल इतक्या जवळ.

"तेव्हापासून गावात तिला काय म्हणतात माहितीय? घंटा थांबवली ती बाई. चर्चमध्ये तिच्या बाकावर तिच्याशेजारी कुणी बसत नसे. मी बसायचे, कारण मला पर्याय नव्हता, मी पाच वर्षांची होते." ती हसली. "मी मोठी झाल्यावर एकदाच बोलली ती. म्हणाली, टीव्हीवर सांगितलं होतं, एमिल रॉट विक कुटुंबाच्या घरी सुखरूप. ते ऐकून मी इथे केंद्रावर आले विचारायला. बाहेरच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, आमच्याकडून त्या वादळात एकही चूक झाली नाही. भिंतीवरचं मानपत्र दाखवलं मला!"

"आता काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

"त्याच पडद्यावरून एकदा सांगा. आई त्र्याऐंशीची आहे आणि तुम्ही चाललात बंद पडायला. टेक्सासमधला तो दात पांढरे केलेला पोरगा सांगणार आहे का माझ्या आईबद्दल?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिच्या आईपेक्षा आमचा नियम जास्त आठवत होता. नियम असला की त्याच्या आधी काहीतरी घडलेलं असतं. नावापुढे टाउनशिप लावायची, म्हणजे कधीतरी न लावता वाचलं गेलं होतं.

मी तपासायला लागले. वीज कंपनीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं. त्या दुपारी बीव्हरमध्ये वीज होती, टीव्ही चालू शकत होता. वारा वायव्येचा होता. आणि एमिल रॉट दोन होते, चुलत भाऊ, आजोबांच्या नावावरून नाव ठेवलेले. दुसरा लोन ट्रीचा. तो वारला होता, पण त्याचा मुलगा गावाबाहेर ट्रॅक्टर दुरुस्त करत होता. त्यानं हात पुसत पुसत सांगितलं, "हो तर! बाबा विककडे सूप ओरपत होते आणि समोर टीव्हीवर त्यांचंच नाव. दर नाताळात सांगायचे. म्हणायचे, आयुष्यात एकदा टीव्हीवर आलो आणि तेही सूप पिताना." मग त्याचा चेहरा बदलला. "बीव्हरच्या एमिलचं... अरे देवा. आम्ही दोन्हींचा संबंध कधी जोडलाच नाही."

लेलंड ऑप्सॉल घराला हिवाळ्याच्या जादा खिडक्या बसवत होता. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस शिडीवर. "खाली या," मी म्हटलं, "मला विचारायचंय."

"तुझा अंदाज खरा मानला तर उद्या ऊन आहे. म्हणजे आजच बसवायला हव्यात." तो हसत म्हणाला. "विचार तिथूनच."

"नावापुढे टाउनशिप वाचायचा नियम कधीपासून आहे?"

त्याचं हसू गेलं. तो एकेक पायरी उतरला, शेवटच्या पायरीवर बसला.

"कुणी पाठवलं तुला? ओटिलीनं?"

"अर्लिसनं."

"मीच चिकटवला तो नियम भिंतीवर. त्याच महिन्यात, बर्फ उतरल्यावर." तो हातातला पेचकस फिरवत राहिला. "फोनवर मुली होत्या, त्यांना मीच सांगितलं होतं, टाउनशिप लिहू नका, नुसतं नाव लिहा. वाचायला वेळ जातो आणि लोक ताटकळलेत. तेव्हाच्या साहेबांना मी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, कुणी विचारलं तर बघू. कुणी विचारलंच नाही. मग ते मानपत्र आलं."

"ओटिलीकडे कधी गेलात?"

"गाडी घेऊन गेलो. बऱ्याचदा. फाटकापर्यंत."

मी हे सगळं डुएनपुढे मांडलं. तो वाईट माणूस नाही. त्यानं डोकं धरलं, कंपनीच्या वकिलाला फोन लावला, आणि दहा मिनिटांनी त्या वकिलाच्याच आवाजात बोलायला लागला. "कुणी काही कबूल करायचं नाही. लेलंड येईल, पूर्वीसारखी चार-पाच नावं वाचून दाखवेल, आपण त्या माणसांच्या नातवंडांना टाळ्या वाजवताना दाखवू. बस्स. मारित, मलासुद्धा निघतानाचे पैसे हवेत. माझी दोन पोरं कॉलेजात आहेत."

मी अर्लिसला हे सांगितलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "कूखनची बशी परत दे."

कार्यक्रमाच्या दिवशी स्टुडिओ भरला होता. लेलंडनं जुना चौकड्यांचा कोट घातला होता, तो आता खांद्यांवरून ओघळत होता. त्यानं पहिलं नाव वाचलं, दुसरं वाचलं. टाळ्या झाल्या. मग त्यानं चष्मा काढला आणि कागद उलटा ठेवला.

"एमिल रॉट, लोन ट्री टाउनशिप," तो म्हणाला, "विकच्या घरी सुखरूप. असं मी वाचायला हवं होतं. मी टाउनशिप वाचली नाही. एमिल रॉट, बीव्हर टाउनशिप, यांच्याबद्दल आमच्याकडे काहीही खबर नव्हती. त्यांच्या बायकोनं माझं ऐकलं आणि घंटा थांबवली. चूक तिची नव्हती. गावानं ती तिची मानली आणि मी मानू दिली."

नियंत्रण कक्षात डुएन ओरडला, "जाहिरात लाव!" ट्वायलांचा हात बटणावर होता. "हात आखडलाय रे," त्या म्हणाल्या, "वयच झालं." पडद्यावर लेलंड नुसता बसून होता, आणि तो बसलेला साऱ्या काउंटीनं पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटिली राहत होत्या त्या वृद्धाश्रमात गेले. अर्लिस कॉरिडॉरमध्ये उभी होती आणि लोक येत होते. मिठाईचे डबे, चुकवलेल्या नजरा. एक बाई म्हणाली, "आमची आई तिच्याबद्दल नाही नाही ते बोलायची गं." अर्लिसनं तिला मिठी मारली. मला बघून तिनं खोलीकडे बोट केलं. "जा आत. बघ, ती कशी राणीसारखी बसलीय."

ओटिली खिडकीशी खुर्चीत होत्या. बारीक, ताठ. मला नीट न्याहाळून म्हणाल्या, "तू हवामानवाली ना? टीव्हीत जाड दिसतेस."

"पाहिलंत का काल?"

"पाहिलं. लेलंड म्हातारा झाला. त्याला सांग, झोपत जा म्हणावं." त्यांनी हनुवटीनं दाराकडे खूण केली. "दार लोट, पोरी."

मी दार लोटलं.

"तू सगळं तपासलंस म्हणे. वारा कुठून होता?"

"वायव्येकडून."

"आणि विकचं घर?"

"पश्चिमेला. नदीपलीकडे."

"माझा एमिल उत्तरेला गेला होता, गुरांकडे. असल्या वाऱ्याच्या तोंडावर तो नदीपलीकडे कसा पोचेल?" त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ किती टाकलं हे सांगावं तसा. "आणि दुसरा एमिल मला माहीत नव्हता असं वाटतं का तुला? माझ्या लग्नात नाचला होता तो. त्याची पत्रं पोस्टमन आमच्या पेटीत टाकायचा."

वारा मी तपासला होता, नकाशा पाहिला होता. दोन्ही शेजारीशेजारी ठेवले नव्हते.

"मग तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं होतं असं नाही. मी स्वतःला विचारलं नाही. तू विचारतेस तसं." त्यांनी हात मांडीवर उलटे केले. तीन बोटांची टोकं हिमदंशानं गेलेली होती. "सकाळपासून दोर ओढत होते. आत पोर रडत होती, शेगडी विझायला आलेली. कोळसा आणायला आत आले आणि तो गोड आवाज म्हणाला, एमिल रॉट सुखरूप. म्हटलं, असेल. असू दे. आणि बसले. एकदा बसल्यावर उठवेना."

"घंटा चालू असती तरी ते आले असते की नाही..."

"ते तुला माहीत नाही, मला माहीत नाही. लोक बरोबर म्हणत होते. त्यांचं कारण चुकीचं होतं, एवढंच." त्यांनी माझं मनगट धरलं, त्या अर्ध्या बोटांनी. पकड घट्ट होती. "अर्लिसला सांगायचं नाही. ती माझ्यासाठी इतकी वर्षं भांडली. आता काय तिला सांगू, की चुकीच्या माणसाशी भांडलीस?"

दार उघडलं. अर्लिस डबा घेऊन आत आली. "काय गुजगोष्टी चालल्यात?" ओटिलींनी डोळे मिटून घेतले.

मी बाहेर पडले. अर्लिस माझ्यामागे कॉरिडॉरमध्ये आली. तिचं नाक लाल झालं होतं आणि चेहरा दहा वर्षांनी लहान दिसत होता.

"काय म्हणाली गं?"

"लेलंडला झोपायला सांग म्हणाल्या."

हे खरं होतं. अर्लिस मोठ्यानं हसली आणि मग बाहीला डोळे पुसले. "बघ! माफच केलं तिनं त्याला. असलीच आहे ती. ऐक, मी त्याला इथे घेऊन येते. आजच. तिच्यासमोर बसू दे, माफी मागू दे. मोकळा होईल बिचारा."

लेलंड त्या खुर्चीसमोर कोट सावरत बसलेला माझ्या डोळ्यांसमोर आला. तो माफी मागणार, आणि ओटिली ती देणार, किंवा देऊ शकणार नाहीत, आणि अर्लिस ते बघत असणार.

"नको," मी म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले असेन, कारण दोन-तीन माणसं वळून पाहू लागली.

"का?" अर्लिसनं विचारलं.

मी कोटाच्या खिशात गाडीची किल्ली शोधत राहिले. ती माझ्या दुसऱ्या हातातच होती.