नेट खाणारी भानामती

अनंतरेड्डींच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर पोरे, कडुनिंबाच्या फांदीवर पोरे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाया. सगळ्यांच्या नजरा मधल्या बाजेवर होत्या. बाजेवर उघडा लॅपटॉप होता, त्याला हळदीची बोटे लावलेली होती, आणि पडद्यावर नेटचा वेग दाखवणारा काटा थरथरत होता. रेवुलकुंट्यात एवढी गर्दी फक्त बतुकम्माच्या सणाला होते. त्या सकाळी ती वायफाय बघायला जमली होती.

"पंच्याऐंशी!" अनंतरेड्डींचा मुलगा प्रणीत ओरडला. "बापू, पंच्याऐंशीवर गेला!"

बाजेपलीकडे सिद्धिरामुलू मांडी ठोकून बसला होता. मंजीरा नदीच्या अलीकडच्या सगळ्या गावांत भुते उतरवणारा हा मांत्रिक. आल्या आल्या त्याने देवघर उघडायला लावले होते, उंबऱ्यावर ऊद जाळला होता, लॅपटॉपला काळा दोरा बांधला होता. आणि महिनाभर रोज सकाळी मरगळणारे नेट खरोखरच उधळले होते.

"नेट कुठून येतं?" त्याने गर्दीला विचारले. "वाऱ्यातून. दिसतं? नाही. मंत्र कुठून जातो? वाऱ्यातूनच. दिसतो? नाही. एका वाटेवरच्या दोन गाड्या. वाटेत कुणी आडवी बसली, की गाडी अडणारच! कंपनीवाले काय सांगतात? बंद करून चालू करा. अरे, भानामती बंद करून चालू होते होय?"

लोक हसले. त्याने कमरेची सुरी काढून लिंबू चिरले. लालभडक रस बाजेवर ठिबकला. हसू जागच्या जागी विरले.

"तिचं रक्त खवळलंय," सिद्धिरामुलू म्हणाला. "आणा तिला."

ती म्हणजे कोण, हे गावाला आधीच ठाऊक होते. प्रणीत हैदराबादच्या कंपनीत संगणक अभियंता. घरूनच काम करायचा. रोज सकाळी परदेशातल्या साहेबांशी बैठक सुरू झाली, की पडद्यावरचे चेहरे गोठायचे आणि याचा आवाज तुटायचा. त्याने लॅपटॉप बदलला, नेटचा डबा म्हणजे राउटर बदलला, जोडणी देणारी कंपनी बदलली. वरच्याने शेवटची ताकीद दिली. मग त्याच्या लक्षात आले, की गोठा काढायला पोसव्वा अंगणात आली की नेट जाते आणि ती गेली की परत येते.

"मी अडाणी नाही," गर्दीत मला ओळखून तो म्हणाला होता. मी जिल्ह्याच्या दैनिकाचा बातमीदार. कुणीतरी मोबाइलवर निरोप पाठवला म्हणून आलो होतो. "माझ्याकडे डेटा आहे. ती लेकीकडे गेली होती, तेवढे दिवस नेट झकास. परत आली त्या सकाळी खलास. याला तुम्ही काय म्हणाल?"

मी ते वहीत लिहून घेतले.

पोसव्वाला गावकुसाबाहेरच्या मादिगवाड्यातून, दलितांच्या वस्तीतून, केसांना धरून आणले. साठी उलटलेली, काटकुळी बाई. एका पायात चप्पल होती, दुसरी वाटेत गळाली होती. तिला फाटकातून आत ओढताना पाहताच अनंतरेड्डींच्या पत्नी विजयम्मा लगबगीने आत गेल्या, देव झाकून आल्या, आणि पदर सावरत खांबाशी उभ्या राहिल्या.

काटा पडला. पंच्याऐंशीवरून तीनवर.

मी तो पडताना स्वतः पाहिला. हातचलाखी नव्हती, नजरबंदी नव्हती. बाई अंगणात आली आणि नेट गेले. अंगणातून जो आवाज उठला तो भीतीचा होता, आणि भ्यालेली गर्दी काय करते हे मी या कामात पुरेसे पाहिले आहे. मी ठाण्याला फोन लावला. जीप दुसऱ्या गावच्या बंदोबस्तावर होती. मग मी शाळेत फोन केला.

तोवर पोसव्वाला कडुनिंबाला बांधले होते.

"दोरा, मालक," ती अनंतरेड्डींना म्हणत होती, "तुमचा तो डबा काळा की गोरा, ते पण मला ठाऊक नाही. तुमच्या उंबऱ्याच्या आत मी कधी पाऊल टाकलंय का?"

अनंतरेड्डींनी तिच्या कानाखाली मारली. "आत न येता केलंस, म्हणूनच भानामती म्हणतात!"

आमच्याकडे भानामतीच्या बाईचे दात पाडतात. दात नसले की मंत्राचे अक्षर तोंडातून धड निघत नाही, अशी समजूत. सिद्धिरामुलूने समोरचे दात बोटाने दाखवले. ट्रॅक्टर चालवणारा गणेश पुढे झाला. त्याच्या हातात दगड होता. पहिल्या घावाला ओठ फाटला, दुसऱ्याला दात तुटला. पोसव्वाने मान वळवली, तर दोघांनी तिचे डोके खोडाला दाबून धरले. तिसरा घाव जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज ट्रॉलीतल्या बायांपर्यंत गेला असावा, कारण एकीने मुलाचे डोळे झाकले. स्वतःचे उघडे ठेवले.

"मुळं राहिली," सिद्धिरामुलू म्हणाला. "मुळातून मंत्र फुटतो. पक्कड आणा."

ट्रॅक्टरच्या पेटीतून पक्कड आली. मी पुढे सरकलो, तेव्हा एकाने माझी कॉलर धरून मला भिंतीवर आपटले. "पेपरवाल्या, फोटो काढायचा तर काढ. मध्ये पडलास तर तुझे पण पाडू."

पक्कड पोसव्वाच्या तोंडात होती, तेवढ्यात फाटकातून स्कूटी आत आली आणि गर्दीतूनच हॉर्न वाजवत बाजेपर्यंत पोचली. पद्मजा मॅडम. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतात. निम्मी गर्दी त्यांच्या हाताखालून गेलेली.

"गणेश! पक्कड खाली."

"मॅडम, तुम्ही यात..."

"खाली ठेव म्हटलं ना! नववीत दोनदा बसलास, तेव्हा माझे दात नाही काढलेस."

कुणीतरी फिसकन हसले. गणेशचा हात खाली आला. मॅडमनी पोसव्वाचे तोंड पाहिले, आपली ओढणी काढून जबड्याखालून डोक्यावर बांधली, आणि मग त्या बाजेकडे वळल्या.

"प्रणीत, नेटचं यंत्र कुठे आहे? नेटचा डबा?"

"देवघरात. आधी ओसरीत वर होता. दसऱ्याला आयुधपूजेत त्याची पूजा केली, तेव्हापासून अम्मानं देवापाशीच ठेवला. घर चालवणारी वस्तू आहे म्हणाली."

"कधीपासून त्रास आहे?"

"दसऱ्या..." तो थबकला. "दसऱ्यानंतरच. पण रोज नाही ना मॅडम! ती आली की."

"देवघराचं दार कशाचं?"

उत्तर अनंतरेड्डींनी दिले, आणि त्या सगळ्या प्रकारातही त्यात अभिमान होता. "सागवानी. वरून अख्खा पितळेचा पत्रा मारलाय, लक्ष्मी कोरलेला. आसपासच्या गावांत नाही कुणाकडे."

"आत्ता उघडं आहे की बंद?"

खांबापाशी उभ्या विजयम्मा म्हणाल्या, "बंद. ही अंगणात असताना देव उघडे ठेवू होय? हिची नजर पडते. गेली की पाणी शिंपडून उघडते."

"रोज?"

"रोज. माझ्या सासूबाईंपासून."

पद्मजा मॅडमनी तीनवरच्या काट्याकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "प्रणीत, प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. आठवीत शिकवलं होतं. बाई इथेच राहील. तू फक्त दार उघड."

"हिच्यासमोर देवाचं दार?" अनंतरेड्डी गरजले. "आधी तुझी मान मोडीन, मास्तरीण!"

मागून दगड आला. मॅडमच्या भुवईवर बसला. त्या एका गुडघ्यावर कोसळल्या, बाजेला धरून उठल्या. रक्त डोळ्यात उतरत होते. ते पुसायला ओढणीही उरली नव्हती.

"लागलं," त्या म्हणाल्या. "आता दार उघडताय, की दुसरा मारताय?"

प्रणीत आत गेला. दया आली म्हणून नव्हे. त्याला नेट हवे होते. पण गेला. आतून बिजागऱ्या करकरल्या, उदाचा वास ओसरीत आला, आणि काटा उठला. तीसवर, साठवर, ऐंशीपलीकडे. पोसव्वा झाडाला बांधलेली होती आणि सुजलेल्या डोळ्यांनी थेट लॅपटॉपकडेच पाहत होती.

"बंद कर!" मॅडम ओरडल्या. काटा तीनवर. "उघड!" ऐंशीवर. "बंद!" तीनवर.

"नेटच्या लहरी लाकडातून पार होतात, विटेतून दमत दमत होतात," त्या गर्दीकडे वळून म्हणाल्या. "धातूचा पत्रा त्यांना माघारी धाडतो. तीन बाजूंनी दगडी भिंत, चौथीला पितळ. तुम्ही डबा पेटीत कोंडता आणि म्हणता आवाज येत नाही. ही आली म्हणून नेट जात नव्हतं. ही आली म्हणून तुम्ही दार लावत होतात."

"तिनं आत्ता मंत्र मागे घेतला!" सिद्धिरामुलू उठून उभा राहिला. "म्हणून खेळतोय काटा. मी लिंबात रक्त..."

"रक्त? विजयम्मा, तुमच्या स्वयंपाकघरातली सुरी द्या."

त्या सुरीने चिरलेल्या लिंबातून लिंबाचाच रस निघाला. मग मॅडमनी सिद्धिरामुलूच्या सुरीने दुसरे चिरले. लालभडक. "पात्यावर जास्वंदीची फुलं चोळून वाळवलीत. आंबट लागलं की रंग लाल होतो. सहावीची पोरं करतात हा खेळ. दारात जास्वंद आहे, घरी जाऊन करून बघा. माझ्यावर पण विश्वास ठेवू नका."

गर्दीतून पुन्हा आवाज उठला. मगासचाच, फक्त तोंड फिरले होते. कुणीतरी सिद्धिरामुलूची जटा धरली, कुणी पोटात लाथ घातली. गणेशने पक्कड पुन्हा उचलली. "याचेच काढतो आता!"

"गणेश, नको!" मॅडम ओरडल्या, ते ऐकण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हते. थांबवले ते पोसव्वाने. तिचे शब्द फुटके होते, ओढणीतून रक्ताबरोबर निघाले, तरी जवळच्यांना कळले.

"त्याचे काढून माझे येणारेत का?"

गणेशने आधी तिच्याकडे पाहिले, मग पकडीकडे. पकडीच्या दातऱ्यांत तिच्या दाताचा तुकडा अजून अडकलेला होता. त्याने ती टाकून दिली आणि जाऊन तिचे दोर सोडले.

पोलिसांची जीप आली तेव्हा पोसव्वाला आम्ही ऑटोत घालत होतो. सिद्धिरामुलू, गणेश, अनंतरेड्डी आणि डोके दाबून धरणारे दोघे, अशा पाच जणांना त्याच दुपारी धरले. प्रणीतला दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी ऑटो फाटकाबाहेर गेल्यावर अंगणात तो एकटाच बाजेपाशी उरला होता. त्याने आत जाऊन दार लावले आणि बाहेर येऊन काटा पाहिला. पोसव्वा गावात नव्हती. काटा तीनवर होता.

हे लिहायच्या आधी मी रेवुलकुंट्याला जाऊन आलो. पोसव्वाचा जबडा तारेने जोडला आहे. ज्वारीची पातळ अंबली तेवढी उतरते. रेड्डींच्या गोठ्यात आता दुसरी बाई येते, मादिगवाड्यातलीच. नेटचा डबा ओसरीत उंचावर, पूर्वीच्या जागी गेला आहे आणि वेग उत्तम आहे. मी उभा होतो तेवढ्यात ती बाई फाटकातून आत आली. विजयम्मा उठल्या आणि आतून बिजागऱ्या करकरल्या.

त्या दाराचा आता कुणाला त्रास होत नाही. म्हणून ते लागत राहणार.

तुमचे नेट अडले, तर डबा मोकळ्या जागी, उंचावर, पत्र्यापासून दूर ठेवा. तरी अडले, तर एका वेळी एक गोष्ट बदला आणि पाहा. आणि अमुक माणूस आला की आपले वाईट होते, असे कधी वाटले, तर हात उगारण्याआधी एवढेच तपासा: तो माणूस आला की आपण काय करतो?