समोरचे दात

"समोरच्या दातास्नी हात लावायचा न्हाई, साहेब," कस्तुराबाई दारातूनच म्हणाली. "ती दाढ किडलीय, ती काढा. समोरचे ऱ्हाऊ द्या."

परभणीच्या दवाखान्यात खिडकीपाशी उंच पाठीची एक खुर्ची होती. तिच्यात कडूबाई आ वासून बसली होती. तिचा डावा गाल सुजून हनुवटीत उतरला होता आणि तोंडाला वास मारत होता. डॉक्टर हैदराबादचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, हातातल्या बारीक सळईने एकेक दात ठोकून पाहिला, आणि हताश होऊन मान हलवली.

"अप्पा, सब काला. इस काले में कीडा कहाँ है, दिखताच नै."

कंपाउंडर मन्मथअप्पाला हसू आलं. "दातवण हाय, साहेब. झरीकडच्या बाया आजून लावतात."

कडूबाईचे दात जांभळासारखे काळेभोर होते. त्या काळी तिच्या गावात नवऱ्याची बाई ओळखायची ती कुंकवावरून आणि दातांवरून. हिरडा आणि हिराकस कुटून केलेली काळी पूड रात्री दातांवर दाबून धरायची आणि सकाळपर्यंत चूळ भरायची नाही. ते दातवण. नवरा गेला की कपाळ पुसायचं, बांगड्या फोडायच्या आणि दातवण बंद. मग हळूहळू काळा रंग उतरत जाई. बाईचे दात पांढरे दिसू लागले की कुणी तिला काही विचारायच्या फंदात पडत नसे.

कडूबाईच्या दातांचा रंग मात्र कधी उतरू दिला गेला नाही. लढाईच्या दिवसांत रस्ते करायला माणसं नेणारा एक मुकादम गावात आला होता. त्याच्याबरोबर तिचा नवरा लिंबाजी आसामच्या जंगलात गेला. लढाई संपली, गेलेली माणसं परतली. त्यातला एक जण म्हणाला, "लिंबाजी तापानं फणफणला हुता. त्येला दुसऱ्या तळावर नेलं. म्होरचं मला ठावं न्हाई." एवढंच. ना माती, ना निरोप.

तेव्हापासून कस्तुराबाई दर सोमवारी स्वतःच्या हाताने दातवण कुटे आणि वाटी सुनेपुढे ठेवी. मुलगा जिवंत आहे, असं ती तोंडाने फारसं म्हणत नसे. वाटी पुढे सारी. आणि घरात एक सक्त मनाई होती. रडायचं नाही. जित्या माणसावर रडलं की त्याचं आयुष्य तुटतं, असं ती मानी. चुलीपुढे कडूबाईने डोळे पुसले, तर म्हातारी वाकून बघे. "धूर झालाय जणू. वाळली गवरी घाल," म्हणे. म्हणजे धुराची सोयही गेली.

डॉक्टरांनी सळई ठेवली. "दाढ निकालना है. सामने के नीचे के चार भी. पूरे हिल रहे. पीप नीचे उतर गया."

पू खाली उतरलाय, समोरचेही काढावे लागतील, असं मन्मथअप्पाने मराठीत सांगितलं तसा कस्तुराबाईने पदर खोचला. "आन मंग दातवण कुठं लावायचं?"

"मागच्या दातास्नी लावा की!"

"मागचं कोन बघायलंय, अप्पा? तुमी?"

अप्पाने कानाला हात लावले. डॉक्टर मात्र म्हातारीकडे वळून शांतपणे म्हणाले, "अम्मा, जहर गले में उतरा तो बहू बचती नै. दाँत का क्या लेके बैठे?"

कस्तुराबाईला हिंदुस्तानी पुरती कळत नव्हती. पण 'बचती नै' कळलं. तरी ती हलली नाही. दाराची चौकट धरून तशीच उभी राहिली. तिच्यामागे ओसरीवर धाकटा मुलगा भुजंग बैलांच्या दोऱ्या हातात घेऊन बसला होता. आईपुढे बोलायची त्याची प्राज्ञा नव्हती.

मग खुर्चीतून आवाज आला. जबडा आखडलेला, त्यामुळे शब्द घासत घासत आले.

"काढा, साहेब. सगळे काढा."

"कडू! काय बोलायलीस, कळायलंय का तुला?"

"कळायलंय, आत्याबाई. तुमचा ल्योक आला तर बिनदाताची बायकू चालंल त्येला. मेलेली घिऊन काय करंल?"

म्हातारीचा हात चौकटीवरून खाली आला. सून उलटून बोलली याचं तिला एवढं लागलं नाही. लिंबाजी आल्यावर छपराला नवे वासे घालू, लिंबाजी आल्यावर गाय घेऊ, असंच त्या घरात बोलत. तो येईल की नाही, ही शंका आज पहिल्यांदा कुणीतरी तोंडातून बाहेर काढली होती, आणि तीही परक्यांसमोर. कस्तुराबाई काही बोलली नाही. डॉक्टरांनी तो होकार समजला.

सुई हिरडीत शिरली तेव्हा कडूबाईने खुर्चीचे हात घट्ट धरले. मग थोड्याच वेळात ओठ जड झाला, जाड झाला, परक्या बाईचा असावा तसा. हनुवटी कुठे संपते ते कळेना. कितीतरी दिवस डोक्यात घण घालणारं ते ठणकणं विझत विझत गेलं आणि सगळीकडे शांत झालं.

डॉक्टरांनी चिमटा लावला. हाडाच्या आतून करकर असा आवाज कानात आला, पण दुखलं नाही. पहिला दात तसराळ्यात पडला. टण्ण! वरून काळाकुट्ट, मुळाशी पिवळा आणि रक्ताने माखलेला. कडूबाईने तिकडे डोळे फिरवले. हा दात लिंबाजीने पाहिला होता. लग्नानंतर पहिल्यांदा दातवण लावलं तेव्हा तो हसून म्हणाला होता, "तोंड उघडलंस की रात व्हायलीय घरात."

दुसरा दात पडला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आधी हळूहळू, कानाकडे ओघळत. मग छाती हलायला लागली. मग घशातून एक आवाज निघाला, खोलातून ओढलेल्या पोहऱ्यासारखा, आणि तो काही केल्या थांबेना.

डॉक्टरांचा हात जागीच राहिला. "दर्द हो रहा क्या?"

तिने मान हलवली. नाही.

त्यांनी सळईचं टोक हिरडीवर दाबलं. "इधर? इधर?"

नाही.

"सुई लागू पडली हाय, बाई," मन्मथअप्पा समजावू लागला. "आता दुखायचं कारन न्हाई. भ्यालाव का?"

पुन्हा नाही. कडूबाईला खोटं बोलायचं सुचलं नाही. दुखतंय म्हणाली असती तर सगळं सोपं झालं असतं. पण ती नुसती मान हलवत राहिली आणि रडत राहिली. दात बधिर, हिरडी बधिर, ओठ बधिर. रडायला कारण काही उरलंच नव्हतं. आणि दारात सासू उभी होती.

कस्तुराबाई पुढे आली. अप्पाला वाटलं, आता ही सुनेला झापणार. म्हातारीने खुर्चीजवळ येऊन सुनेच्या कपाळावर हात ठेवला.

"दुखायलंय तिला," ती डॉक्टरांना म्हणाली.

"अम्मा, सुई दिए ना. दर्द कैसा होता?"

"तुमची सुई तुमच्यापाशी! दुखायलंय म्हंते ना मी. लय दुखायलंय."

तिचा आवाज चिरकला. डॉक्टरांनी एकदा म्हातारीकडे पाहिलं, एकदा खुर्चीतल्या बाईकडे. मग चिमटा ताटलीत ठेवला. "ठैरो, अप्पा. थोडा रोने दो," म्हणाले आणि खिडकीशी जाऊन चष्मा पुसत उभे राहिले.

परतीच्या वाटेवर गाडी कडब्याच्या गंजींमधून चालली होती. कडूबाई तोंडात कापसाचा बोळा धरून सासूच्या मांडीवर डोकं टेकून पडली होती. अर्ध्या वाटेत ओठाला मुंग्या आल्या, मग हिरडीत कळ उठली, आणि मग ठणका असा सुरू झाला की तिने बोळा करकचून दाबला.

"आता दुखायलंय का?" कस्तुराबाईने विचारलं.

तिने मान हलवली. हो.

"दुखू दे. दाताचं दुखनं वाईट. लवकर थांबत न्हाई ते." म्हातारी समोरच्या धुळीकडे बघत बोलत होती. "कुनी इचारलं तर मी सांगते. तू रड."

गाडी हाकणाऱ्या भुजंगने मागे पाहिलं नाही. बैल नीट चालले होते, तरी त्याने त्यांना उगाच हाक घातली.

झरीत पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. कडूबाई आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. कस्तुराबाई उंबऱ्यावर बसली, दार अडवून. शेजारची सुमनबाई वाटीत पातळ कण्या घेऊन आली आणि आतला आवाज ऐकून दचकली.

"काय गं माय! काई खबर आली का?"

"न्हाई. खबर कसली? दात काढलेत तिचे. ठनकायलेत."

सुमनबाईने मान डोलावली. पण दिव्याच्या उजेडात तिला म्हातारीचा पदर दिसला. गळ्यापाशी चिंब भिजला होता.

"आन तुमी कामून रडायलाव, मामी?"

कस्तुराबाईने गालावर हात दाबला. "माजीबी दाढ धरलीय, बाई. सकाळधरनं."

कस्तुराबाईच्या तोंडात एकही दात नव्हता. रोज दुपारी तिचं पान खलून द्यायला सुमनबाईच तर येत असे. तिने कण्यांची वाटी खाली ठेवली, म्हातारीच्या शेजारी उंबऱ्यावर बसली, आणि कनवटीला लावलेल्या चंचीतून एक लवंग काढून तिच्या हातावर ठेवली.

"दाढंखाली धरा, मामी," ती म्हणाली. "उतार पडंल."

कस्तुराबाईने लवंग मुठीत धरली.