मधलं नाव

मी एक पासपोर्ट बोलतोय. आता मला पासपोर्ट म्हणावं की नाही, हाही प्रश्नच आहे. माझ्या पुठ्ठ्याचा कोपरा कात्रीने कापलेला आहे आणि आतल्या पानावर 'रद्द' असा शिक्का बसलाय. आमच्यात कोपरा कापला की मेला असं समजतात. माणसं मेली की सुटतात म्हणे. मी मात्र मेल्यावरच खरा अडकलो.

माझा जन्म एका सरकारी छापखान्यात झाला. पानं कोरी, शिवण घट्ट, अंगाला नव्या शाईचा वास. माझ्या पोटात एका मुलीचा फोटो होता आणि तिचं नाव. आधी तिचं स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आपल्याकडे नाव असं तीन मजली असतं, त्यात मला काही विशेष वाटलं नाही.

टपालवाल्याने मला आणून दिलं तेव्हा तिचे वडील शिवणयंत्रावर बसले होते. ते शिंपी होते. पाकीट त्यांनी आपल्या कापडाच्या कात्रीने अगदी अलगद उघडलं, चष्मा चढवला आणि मला मोठ्याने वाचून काढलं. मधल्या नावाशी आले आणि थांबले.

"घ्या," ते म्हणाले, "मी गावाची वेस ओलांडली नाही कधी, आणि माझं नाव निघालं परदेशी."

मुलगी हसली. तिला घरात सगळे ताई म्हणत. धाकटं कुणी नव्हतं, आई लहानपणीच गेलेली, तरी वडीलसुद्धा ताईच म्हणत. म्हणून मीही तिला ताईच म्हणत आलोय.

ताईचं काम होतं दात घडवण्याचं. परक्या देशातल्या एका शहरात एक प्रयोगशाळा होती, तिथे कवळ्या बनत. ताई मेणात हिरड्या कोरायची, दाताची छटा बाकीच्या दातांशी जुळवायची. तिची पर्स मागे खुंटीला टांगलेली असे आणि पर्समध्ये मी. प्लास्टरची भुकटी अजून माझ्या शिवणीत सापडेल. मालक कमी बोलणारा, पण एकदा एक कवळी उजेडात धरून म्हणाला होता, "ही घालणारा माणूस विसरून जाईल की दात आपले नाहीत." ताईने ते वाक्य वडिलांना फोनवर जसंच्या तसं सांगितलं होतं.

पगार बँकेतच जमा होणार होता, म्हणून ताई मला घेऊन बँकेत गेली. काचेमागे गोल चष्म्याची एक बाई होती. तिने मला यंत्राच्या काचेवर पालथं झोपवलं, प्रत काढली आणि विचारलं, "यातलं तुमचं नाव कुठलं?"

"पहिलं माझं. मधलं वडिलांचं. शेवटचं घराण्याचं."

"म्हणजे वडिलांचं नाव तुमच्या नावात?"

"हो."

"छान आहे," असं म्हणून तिने तिन्ही नावं एका ओळीत टाइप केली, त्याखाली माझा क्रमांक. त्या दिवसापासून मी ताईचा जामीनदार झालो. ही बाई म्हणजे हीच, असं मी सांगायचं आणि बँकेने ऐकायचं. बरीच वर्षं हे सुरळीत चाललं.

मग ताई रजेवर घरी आली आणि तिचं लग्न झालं. नवरा शाळेत शिक्षक, सरळ माणूस. ताईने आणखी थोडी वर्षं तिकडे काढावीत आणि मग कायमचं परत यावं, असं दोघांनी ठरवलं. माझी मुदत संपत आली होती. नवा पासपोर्ट काढताना सासूबाई म्हणाल्या, "आता लग्न झालंय, तर नाव बदलूनच घे गं. पुढे कटकट नको."

ताईने वडिलांकडे पाहिलं. ते सुईत दोरा ओवत होते. दोरा नेढ्यात जाईना, पुन्हा पुन्हा बाजूने निसटत होता.

"बदल की," ते मान वर न करता म्हणाले. "सगळेच बदलतात."

तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं, त्यांना नाव बदलण्याचं वाईट वाटतंय म्हणून दोरा निसटतोय. दोष डोळ्यांत होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पासपोर्ट कचेरीच्या खिडकीतल्या माणसाने माझा कोपरा कापला, शिक्का मारला आणि मला ताईला परत दिलं. "व्हिसा याच्यावर आहे, जपून ठेवा," एवढं म्हणाला. नवा पासपोर्ट माझ्या शेजारी येऊन बसला. त्याच्यावर ताईचा नवा फोटो, मधल्या जागी नवऱ्याचं नाव, शेवटी सासरचं आडनाव. तिचं म्हणून उरलं होतं फक्त पहिलं नाव.

परत गेल्यावर काही दिवसांत बँकेचा निरोप आला, ओळखपत्राची मुदत संपली आहे, नवं दाखवा. ताई जेवणाच्या सुटीत गेली. चष्मेवाल्या बाईने आम्हा दोघांना शेजारी शेजारी ठेवलं. तिची नजर पडद्यावर, मग नव्यावर, मग माझ्यावर अशी फिरत राहिली.

"खातं वेगळ्या बाईचं आहे," ती म्हणाली.

"नाही, माझंच आहे. लग्नानंतर नाव बदललं."

"आडनाव बदलतं, ते समजू शकते. पण मधलंही बदललंय. क्रमांकही वेगळा."

"आमच्याकडे मधलंही बदलतं. आधी वडील, मग नवरा."

बाईने मान हलवली. वाईट बाई नव्हती ती, हे मी मुद्दाम सांगतो. तिने नियम समजावून दिला. नाव बदलायचं तर खातेदाराने आधी स्वतःची ओळख पटवायची, आणि ती बँकेत नोंदलेल्या कागदानेच. नोंदलेला कागद म्हणजे मी, आणि मी रद्द झालेला. नवा धडधाकट, पण त्याची नोंद नाही. नोंद करायची तर ओळख पटायला हवी.

"मग मी करू काय?" ताईने विचारलं.

"लग्नाचा दाखला आणा. भाषांतर करून, दोन्हीकडचे शिक्के मारून. तोवर खातं गोठवावं लागेल. काही दिवसांचाच प्रश्न आहे."

'काही दिवसांचाच प्रश्न आहे' हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं की ते नुसतं कानावर आलं तरी माझी पानं आक्रसायची. पगार खात्यात पडत होता. टाकी भरत होती, नळ मात्र गंजला होता. मालक म्हणाला, हातात पैसे देणं कायद्यात बसत नाही. दुसरी बँक म्हणाली, आधी पहिल्या बँकेतला घोळ मिटवा. खोलीत ताईबरोबर एक वयस्क स्वयंपाकीण राहायची, ती काही न बोलता दोन माणसांचं रांधू लागली.

आणि नेमका तेव्हाच नवऱ्याचा फोन आला. वडिलांना काचबिंदू झाला होता. डॉक्टर म्हणाले होते, जेवढी नजर गेली तेवढी गेली, ती परत येणार नाही; राहिलेली वाचवायची असेल तर शस्त्रक्रिया लवकर करा.

"मी माझी गाडी विकतो," नवरा म्हणाला. "पण बाबा ऐकत नाहीत. म्हणतात, जावयाच्या पैशाने डोळे उघडले तर खाली घालावे लागतील."

मग फोनवर वडील आले. "ताई, घाई नाही गं. एवढं काही नाही. बाहीची शिवण दिसते अजून."

"बाबा, थोडे दिवस थांबा. बँकेचं काम होतच आलंय. लगेच पाठवते."

"तू म्हणतेस तर थांबतो."

तिने खोटं सांगितलं नव्हतं. बँकेने तिला जे सांगितलं तेच तिने पुढे सांगितलं. सरळ 'होणार नाही' असं कुणी म्हटलं असतं तर वडिलांनी जावयाची गाडी विकू दिली असती, असं मला वाटतं. आशा दाखवणाऱ्यांनी घात केला.

लग्नाचा दाखला आला, तर त्यात ताईचं लग्नाआधीचं आडनाव एका अक्षराने चुकलेलं निघालं. बँकेने तो नाकारला आणि सांगितलं, मुख्य कार्यालयाला फोन करा, ते प्रश्न विचारून ओळख पटवतात. ताईने आम्हा दोघांना मांडीवर उघडं ठेवलं आणि फोन लावला.

"तुमचं पूर्ण नाव सांगा," पलीकडचा आवाज म्हणाला.

ताईने नवं नाव सांगितलं.

"मधलं नाव जुळत नाही. पुन्हा सांगा."

तिने वडिलांचं नाव सांगितलं.

"बरोबर. आता सध्याच्या वैध ओळखपत्रावर आहे तसं नाव सांगा."

मग तिने नवऱ्याचं नाव सांगितलं.

"आपण दोन वेगवेगळी उत्तरं दिलीत. सुरक्षेसाठी ही सेवा बंद करत आहोत."

फोन बंद झाला तरी तिने बराच वेळ तो कानाला तसाच धरला होता. स्वयंपाकिणीने विचारलं, "काय म्हणाले?" ताई म्हणाली, "मला माझं नाव येत नाही म्हणाले."

ही हकीकत ऐकून वडील पेटले. नजर अधू, तरी जावयाच्या खांद्यावर हात ठेवून ते सरकारी कचेरीत गेले, रांगेत उभे राहिले आणि प्रतिज्ञापत्र करून आले. ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, ती माझी मुलगी आहे, हे मी शपथेवर सांगतो, असा मजकूर. सही कुठे करायची ते दिसेना म्हणून कारकुनाने बोट धरून जागा दाखवली, तरी सही ओळीखाली घसरलीच. ताईने तो कागद पहिल्यांदा पाहिला तेव्हा सहीवरच तिचा हात थांबला.

चष्मेवाल्या बाईने भाषांतर वाचलं. "हे लिहिणारे कोण?"

"माझे वडील."

"नातेवाइकाची साक्ष चालत नाही."

"पण मी कुणाची मुलगी आहे हे वडिलांशिवाय कोण सांगणार?"

बाईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हळू आवाजात म्हणाली, "एक करता येईल. जुना पासपोर्ट मूळ प्रतीत इथे ठेवून जा. तपासणीला पाठवते. ते खरा आहे म्हणाले तर मार्ग निघेल."

ताईने मला काचेखालून आत सरकवलं. तिचं बोट माझ्यावरून उचलेना. मग उचललं.

तपासणी झाली. मी खरा निघालो. पण खरा असून रद्द, असा शेरा घेऊन परत आलो आणि चष्मेवालीच्या खणात पडलो. तेव्हापासून ताई यायची ती मला आवाजाने कळायची. "काही आलं का?" ती विचारायची. "अजून नाही," बाई म्हणायची. हिवाळ्यात तिचा आवाज घोगरा झाला होता, मग बरा झाला. प्रश्न तोच राहिला.

एकदा ती रांगेत असतानाच तिचा फोन वाजला. नवऱ्याचा होता. ती बराच वेळ नुसती ऐकत होती. मग म्हणाली, "उजेड तरी कळतो का?" पुन्हा ऐकलं. "त्यांना सांगितलंत का, की आता शस्त्रक्रियेचा उपयोग नाही? ... बरं. नको, मीच येऊन सांगते."

आपली भाषा त्या बाईला येत नव्हती, पण तिच्या टाइप करण्याचा आवाज थांबला. "कुणी गेलं का?" तिने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "गेलं नाही कुणी."

त्यानंतर ती एकदाच आली. करारात परतीचं तिकीट होतं, मालकाने ते काढून दिलं होतं. खात्याबद्दल तिने काही विचारलं नाही. बाईच आपणहून म्हणाली, "पैसे सुरक्षित आहेत हो. योग्य खातेदार आली की तिला मिळतील."

"मला फक्त माझा जुना पासपोर्ट द्या. त्याच्यावर बाबांचं नाव आहे."

बाईने खण उघडला. मला बाहेर काढून समोर ठेवलं. ताईला मी काचेतून दिसलो. मग बाईने पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"हा ज्याच्या नावावर आहे त्याच्याच हाती देता येतो."

"माझ्याच नावावर आहे."

"तुमचं ओळखपत्र?"

ताईने नवा पासपोर्ट काढला. पण काचेपर्यंत नेला नाही. पुढे काय होणार ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. तिने तो परत पर्समध्ये ठेवला, चेन लावली, "राहू दे," म्हणाली आणि गेली. माझं तोंड दाराकडे नव्हतं, त्यामुळे तिने मागे वळून पाहिलं की नाही ते मला माहीत नाही.

आता मी तळघरातल्या एका लोखंडी कपाटात आहे. माझ्याबरोबर निरनिराळ्या देशांचे पासपोर्ट आहेत, रबराने बांधलेले. रबर सुकून तुटतं तेव्हा आम्ही एकमेकांवर सांडतो, मग कुणीतरी येऊन पुन्हा बांधतं. आम्हा प्रत्येकाच्या पोटात एकेक चेहरा आहे. त्या चेहऱ्यांची माणसं कुठेतरी दुसऱ्या नावांनी जगत असतील.

तुम्ही कधी काचेच्या आतल्या खुर्चीवर बसलात तर नियम मोडा असं मी म्हणणार नाही. मी स्वतः नियमांच्याच पोटी जन्मलोय. फक्त जे होणार नाही ते होणार नाही असं पहिल्याच दिवशी सांगा. बाहेर उभ्या असलेल्या माणसाची कुणीतरी दूर वाट बघत असतं, आणि ते वाट बघणंच काही वेळा महागात पडतं.

माझं म्हणाल तर मला मुक्ती हवी, पण ती मागायची कुणाकडे? मला परत मागण्याचा अधिकार एकाच बाईला आहे. ती बाई आता कागदावर कुठेच नाही.