पोरगी कितवीत?

शाळेतून फोन आला तेव्हा आत्या चष्म्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होती. चौथीच्या हजेरीपटात भिंगरी बरेच दिवस गैरहजर दिसतेय, असं पलीकडून कळलं. आत्याला वाटलं, नंबर चुकला असणार. भाची तर रोज सकाळी तिचंच बोट धरून शाळेत जायची. आजही फाटकातून आत शिरेपर्यंत आत्या तिच्याकडे बघत थांबली होती. मग पोरगी जाते कुठे?

गिऱ्हाइकाला मालकाच्या हवाली करून ती निघाली. भाऊ ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर होता. वहिनीला दिवस गेलेले, आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठायलाही बंदी केलेली. तिच्या जिवाला उगाच घोर लावण्यात अर्थ नव्हता.

भिंगरी नऊ वर्षांची. कान ठणठणीत, पण ऐकलेलं डोक्यात उतरायला तिला वेळ लागायचा. कुणी भराभर बोललं की डोळे मिटून घ्यायची. खूश असली की जागच्या जागी गरगर फिरायची, म्हणून भिंगरी.

मुख्याध्यापिकेच्या खोलीत चौथीच्या बाई म्हणाल्या, मला वाटलं तिला विशेष मुलांच्या वर्गातच ठेवलंय. विशेष मुलांच्या बाई म्हणाल्या, मी आठवड्यातून दोनच दिवस येते, ती आता रोज चौथीतच बसते असं धरून चालले होते. दोघी एकमेकींकडे बघू लागल्या आणि आत्या दोघींकडे.

"मग आत्ता ती कुठे आहे?" आत्याने विचारलं.

शोधाशोध सुरू झाली. ग्रंथालय झालं, स्वच्छतागृहं झाली, खेळाच्या सामानाची खोली झाली. शेवटी भिंगरी सापडली ती पहिलीच्या वर्गात, मागच्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून, शेजारच्या चिमुरडीच्या पेन्सिलीला टोक काढून देताना.

पहिलीच्या बाईंना या सगळ्या लवाजम्याचंच नवल वाटलं. "तुम्हीच पाठवलंय ना तिला?" त्यांनी मुख्याध्यापिकेला विचारलं.

आत्याच्या जिवात जीव आला, पण डोक्यातला गुंता वाढला. पोरगी गैरहजर होती आणि रोज शाळेतही होती. शिकत नव्हती म्हणावं, तर हल्ली येता-जाता दुकानांच्या पाट्या वाचायची. त्याचं श्रेय आत्या आपल्या दुकानातून तिला करून दिलेल्या चष्म्याला देत आली होती. आता रागवायचं कुणावर आणि आभार कुणाचे मानायचे?

तिने खाली बसून हळूहळू विचारलं, इथे का येतेस? भिंगरीने बराच वेळ विचार केला.

"या बाई थांबतात," ती म्हणाली.

मुख्याध्यापिकेने आत्याचं मत विचारलं. "मला काहीच सुचत नाहीये," आत्या म्हणाली. "इथून उठवली तर परत डोळे मिटून बसेल. इथेच ठेवली तर पुढच्या वर्षीही पहिलीतच. मग?"

शेवटी मधल्या सुट्टीपर्यंत पहिलीत आणि नंतर चौथीत, असं ठरलं. दोन दिवस विशेष मुलांच्या बाई चौथीत तिच्या शेजारी बसणार होत्या. बाकीचे दिवस चौथीच्या बाई तिला एकटीला पुन्हा समजावतील. त्या हो म्हणाल्या, पण एवढ्या पोरांत हे जमेल कसं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "म्हणजे ती शाळेत जाते की नाही?"

"जाते रे."

"मग तुला बोलावलं कशाला?"

आत्याने दोनदा पहिल्यापासून सांगून पाहिलं, आणि दोन्ही वेळा तिचाच धागा सुटला. तू आलास की मिळून गोंधळू, म्हणत तिने फोन ठेवला.

नवी व्यवस्था धडपडत सुरू झाली. कधी भिंगरी चौथीत शेवटपर्यंत टिकायची, कधी मध्येच उठून मुकाट्याने पहिलीत जाऊन बसायची. एकदा तिला न्यायला आलेल्या चौथीच्या बाई पहिलीच्या दारातच थबकल्या आणि बराच वेळ आतलं शिकवणं ऐकत राहिल्या. त्या दिवशी त्यांनी तिला उठवलं नाही.

एका सकाळी जिन्यात शेजारच्या काकूंनी सहज विचारलं, "पोरगी कितवीत गं आता?"

आत्याने भिंगरीकडेच पाहिलं.

"दोन्हीत," भिंगरी म्हणाली आणि भराभर जिना उतरू लागली.