वीट थांबते तिथे

"सकाळी सकाळीच घेतली असेल त्याने," मुकादम वहिनीच्या तोंडावर म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. बांधकामाच्या परांचीवरून पडून थोरला गेला, त्याला तीन दिवस झाले होते. जन्मात त्याने दारूला हात लावला नव्हता, हे धाकट्याइतकं कुणाला ठाऊक? तरी तो भिंतीकडे बघत गप्प बसला.

बावीस वर्षं दोघा भावांनी एकच काम केलं. धाकटा खालून विटा फेकायचा, थोरला परांचीवर उभा राहून घ्यायचा. सरळ वर गेलेल्या विटेचा जोर उतरत जातो आणि परत फिरण्याआधी क्षणभर ती जागच्या जागी थांबते. तो क्षण थोरल्याच्या छातीसमोर आणून द्यायचा, एवढंच धाकट्याचं कसब. थोरला म्हणायचा, वीट झेलायची नसते, थांबली की ठेवून घ्यायची.

वर्षभरापासून धाकट्याचा खांदा धरला होता. वीट आधी बोटभर खाली थांबू लागली, मग वीतभर. मुकादमाला कळतं तर त्याने घरी बसवलं असतं. थोरला काही बोलला नाही, नुसता वाकू लागला.

त्या दिवशी वीट त्याच्या गुडघ्याशीच थांबली.

"वहिनी," धाकटा अखेर म्हणाला, "दादा प्यायला नव्हता. माझी वीट कमी पडली. ती धरायला तो वाकला."

 वहिनी हळूच म्हणाली, "रोज संध्याकाळी कंबर शेकून घ्यायचे. मी म्हटलं, भावजींना सांगा ना. तर म्हणे, त्याचं काम जाईल, तू तोंड उघडू नकोस."

धाकट्याची मान खाली गेली.

"देव तुम्हाला क्षमा करो, असं म्हणायला आज जीभ रेटत नाही, भावजी. पण उद्या वर जो उभा राहील, त्याला आधी सांगा. मुकादमालाही सांगा. सगळ्यांदेखत."

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं, सगळ्यांदेखत. मुकादम ओरडला नाही. तेव्हाच का नाही बोललास, एवढंच त्याने विचारलं.

मग धाकट्याला विटा उतरवून रचायला लावलं. फेकायला दुसरा आला, वर नवा माणूस चढला. दिवसभरात धाकट्याने एकदाही मान वर केली नाही.