अकरा बैलांचा साप

दहाव्या दिवशी कानंदी नदीच्या काठावर पिंड मांडला, तेव्हा कावळा लवकर शिवणार नाही अशी माझी खात्री होती. एक वाक्य मी मनात तयार ठेवलं होतं. गेनबादादाने, माझ्या चुलतभावाने, बैल सांभाळायचा शब्द द्यावा, बाकीच्यांनी आपापलं काय ते सांगावं, आणि तरीही कावळा आला नाही की मी पुढे होऊन म्हणणार होते, "आबा, सापाचं माझं चुकलं."

आबा, म्हणजे माझे वडील रखमाजी, तरुणपणी मढे घाटाने कोकणात उतरायचे. जाताना बैलांच्या पाठीवर हिरडा, येताना मीठ. एका वर्षी बाणकोटच्या बाजूला पुळणीवरून, किनाऱ्याच्या वाळूतून, तांडा चालला असताना त्यांना समुद्रात साप दिसला. काळा, पाण्याबाहेर कुबडं काढत तांड्याच्या बरोबरीने चाललेला. डोकं सगळ्यांत पुढच्या बैलाच्या, हौशाच्या शिंगांपाशी, शेपूट थेट शेवटच्या बैलापाशी. तो दोरीने मोजता येण्यासारखा नव्हता, म्हणून आबांनी तांड्यानेच मोजला.

आमच्या वेल्ह्यात समुद्र पाहिलेली माणसं थोडी. पारावर हटकून कुणीतरी विचारायचं, "काय रखमाजी, यंदा किती वाढला?"

आबा तंबाखू मळत म्हणायचे, "वाढंल कसा? बैल अकराच व्हते."

पुण्याला शिकून मी मास्तरीण झाले. १९२७ च्या दिवाळीत घरी आले ती एक जाडजूड पुस्तक घेऊन. पारावर ते उघडून मी सगळ्यांना चित्र दाखवलं. मोठे मासे एका ओळीत उसळ्या मारत चालले होते. "लांबून पाहिलं की एकच साप वाटतो," मी म्हणाले. लोक हसले. आबांनी पुस्तक हातात घेतलं, तिरपं धरून बराच वेळ पाहिलं.

"लई झ्याक काढलंय," ते म्हणाले. मग शेजारच्या कोंडिबातात्यांना, "बगा तात्या, आमची बनी कशी घडाघडा वाचती."

त्यानंतर चौदा वर्षं त्यांनी सापाचं नाव काढलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "बनीला इचारा." शेवटच्या दुखण्यात मी महिनाभर त्यांच्या उशाशी होते. पेज भरवली, पाय चेपले. एकदा तरी म्हणता आलं असतं, आबा, साप कसा होता ते सांगा. म्हटलं नाही.

आणि कावळा आला तो पिंड ठेवून हात मागे घेईपर्यंत. गेनबादादाने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"कशातच जीव अडकला न्हवता त्यांचा," दादा डोळे पुसत म्हणाला. सगळे सुटल्यासारखे उठले. माझं वाक्य माझ्यापाशीच राहिलं.

परतीच्या वाटेवर कोंडिबातात्या काठी टेकत माझ्या बरोबरीने चालत होते. आबांच्या वयाचं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

"गेला आपला सापवाला," ते म्हणाले. "किती बैलांचा गं त्यो? बारा का तेरा?"

"अकरा."

"तू तर मासं म्हनली व्हतीस."

"म्हणाले होते. मी तिथं नव्हते, तात्या. आबा होते."

"मंग साप खरा म्हनायचा?" पुढे चाललेला गेनबादादा वळून म्हणाला.

"ते मला ठाऊक नाही. पण आबांनी कधी बारावा बैल जोडला नाही."

तात्या वाटेच्या कडेच्या दगडावर बसले. काठी आडवी ठेवली. दादा थांबला, तशी मागची चारपाच माणसंही थांबली.

"सांग मंग," तात्या म्हणाले. "पुस्तकातलं नगं. त्यो सांगायचा तसं. म्होरं कोन व्हतं?"

"हौशा," मी म्हणाले, आणि तांडा पुळणीवर आणला.